फादर ऑगस्टिन टोल्टन : गुलामाच्या झोपडीतून वेदीपर्यंत

अमेरिकेतील मिझुरी राज्यात ब्रश क्रीक नावाची एक छोटी शेतकरी वस्ती आहे. तेथील संत पीटरच्या चर्चमध्ये २९ मे १८५४ रोजी दोन महिन्यांच्या एका बाळाचा बाप्तिस्मा झाला. फादरांनी चर्चच्या नोंदवहीत बाळाची जन्मतारीख लिहिली, आईवडिलांची नावे लिहिली, धर्ममातेचे नाव लिहिले आणि ते बाळ कोणाच्या मालकीचे आहे हेही लिहिले. बाळाचे नाव मात्र त्यांनी लिहिले नाही.

आपल्या चर्च ऑफिसातील बाप्तिस्म्याची वही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. लग्नाच्या वेळी दाखला काढायला गेले की फादर ती जाडजूड वही उघडतात. त्या वहीत आईवडिलांच्या नावाशेजारी मालकाचे नाव लिहिलेले असते तर? आम्ही हा लेख लिहायला बसलो तेव्हा हीच एक गोष्ट आमच्या डोक्यातून जाईना.

त्या बाळाचे नाव जॉन ऑगस्टिन टोल्टन. कातडीचा रंग आणि गुलामीतील जन्म कोणापासूनही न लपवता कॅथलिक धर्मगुरू झालेला अमेरिकेतील हा पहिला कृष्णवर्णीय. पोप फ्रान्सिस ह्यांनी जून २०१९ मध्ये त्यांना वंदनीय म्हणून मान्यता दिली. अमेरिकेत त्यांचे नाव शाळांना, हॉलना दिलेले आहे. आपल्याकडे मात्र त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून ह्या रविवारी त्यांची ओळख करून देत आहोत.

ऑगस्टिनची आई मार्था जेन मूळची केंटकी राज्यातील. तिच्या मालकाच्या मुलीचे लग्न स्टीफन एलियट नावाच्या शेतकऱ्याशी झाले, तेव्हा भांडीकुंडी, गुरेढोरे ह्यांच्याबरोबर मार्थालाही आंदण म्हणून देण्यात आले. अशा रीतीने ती मिझुरीत आली. शेजारच्या हेगर कुटुंबाच्या शेतावर पीटर पॉल टोल्टन नावाचा गुलाम होता. दोघांचे लग्न चर्चमध्ये रीतसर लागले. पण लग्नानंतरही नवरा एका मालकाचा आणि बायको दुसऱ्या मालकाची! मुले आईच्या मालकाची, असा तेथील कायदा होता. त्यामुळे पीटर पॉलच्या लेकरांवर कायद्याने पीटर पॉलचा काडीचाही हक्क नव्हता. थोरला चार्ल्स, मधला ऑगस्टिन आणि धाकटी अ‍ॅन, ही तिन्ही मुले एलियटच्या मालमत्तेत मोजली जात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. एलियट आणि हेगर ही दोन्ही कुटुंबे कॅथलिक होती. मालकीणबाई स्वतः ऑगस्टिनची धर्ममाता होती. रविवारी मालक आणि गुलाम एकाच मिस्साला जात, एकच प्रभू स्वीकारत आणि सोमवारी पुन्हा एक मालक, दुसरा माल. पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा कडक शब्दांत निषेध केला होता. पण अमेरिकेतील बहुतेक बिशपांनी तो निषेध फक्त जहाजांतून चालणाऱ्या व्यापाराला लागू आहे असा सोयीचा अर्थ काढला. मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली आपल्या मळ्यांवरील २७२ माणसे विकायला काढली होती. आपणही अमेरिकेकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये. पोर्तुगीज अमलात गोव्यातील ख्रिस्ती घरांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होतेच.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. देशात तेव्हा जवळजवळ चाळीस लाख माणसे गुलामीत होती, त्यांपैकी सव्वा लाखाच्या आतबाहेर मिझुरीत. उत्तरेकडचे सैन्य म्हणजे मुक्ती आणि दक्षिणेकडचे सैन्य म्हणजे गुलामी, असे आपण शाळेत शिकतो. मिझुरीत मात्र प्रकरण इतके सरळ नव्हते. मिझुरी गुलामांचे राज्य होते, तरी ते फुटून दक्षिणेला मिळाले नाही, उत्तरेच्या बाजूलाच राहिले. त्यामुळे तेथील निष्ठावंत मालकांना दुखवायचे नाही असे सरकारचे धोरण होते. ऑगस्ट १८६१ मध्ये जनरल फ्रेमाँट ह्यांनी मिझुरीतील बंडखोर मालकांचे गुलाम मुक्त झाले असे जाहीर केले. दोन आठवडेही झाले नाहीत तोच राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांनी तो हुकूम फिरवला. पुढे १ जानेवारी १८६३ चा तो प्रसिद्ध मुक्तीचा जाहीरनामा निघाला, तोही फक्त बंडखोर मुलखाला लागू होता. मिझुरीतील गुलाम त्यात धरलेच नव्हते. मिझुरीत गुलामी कायद्याने संपली ती जानेवारी १८६५ मध्ये, युद्ध संपायला तीन महिने उरले असताना.

म्हणजे मिझुरीतील गुलामाला स्वातंत्र्य हवे असेल तर ते कोणी घरी आणून देणार नव्हते. ते ज्याचे त्याने उठून घ्यायचे होते.

पीटर पॉल आधी उठला. रात्री मालकाचे शेत सोडून तो उत्तरेच्या सैन्याकडे गेला. युद्धाच्या पहिल्या वर्षी काळ्या माणसाला शिपाई म्हणून घेतही नव्हते. छावणीपर्यंत पोहोचलेल्यांना खंदक खणणे, स्वयंपाक करणे, गाड्या हाकणे अशी कामे देत. काही अधिकारी तर पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करत. मार्च १८६२ मध्ये काँग्रेसने कायदा करून सैन्याला तसे करायची बंदी केली, तेव्हा कोठे छावणी हा थोडाफार आसरा झाला. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि त्यांच्यापैकी गोळीने मेले त्यांपेक्षा रोगराईने मेले ते कितीतरी अधिक. पीटर पॉल परत आला नाही. तो सैन्यात असतानाच वारला हे घरच्यांना पुष्कळ उशिरा कळले.

आता मार्थापुढे काय होते ते नीट पाहू या, कारण आमच्या मते ह्या चरित्राचे मर्म येथेच आहे. नवरा गेलेला, तो जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. पदरात तीन मुले. थोरला आठ-नऊ वर्षांचा, ऑगस्टिन त्याहून लहान, आणि अ‍ॅन अजून दोन वर्षांचीही नाही. मालकाच्या घरी राहिले तर डोक्यावर छप्पर होते, पोटाला भाकर होती, आणि मालकीणबाई देवभीरू होती. मारझोड करणाऱ्या घरातून पळायला मन लवकर तयार होते. जेथे बरे चालले आहे तेथून पळायला मोठे धाडस लागते. शेजारीपाजारी मालक घाबरून आपले गुलाम दक्षिणेला टेक्सासपर्यंत हलवत होते. देणेकरी मालकाने एखादे मूल विकले तर आई काही करू शकत नव्हती. आज सांभाळणारा मालक उद्या कसा वागेल, तो मेला तर त्याचे वारस काय करतील, ह्याची खात्री कोण देणार? उलट पळून जावे तर वाटेत गुलाम पकडून बक्षीस मिळवणाऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्या. १८५० चा पळालेल्या गुलामांविषयीचा कायदा अजून पुस्तकात होता, तो १८६४ पर्यंत रद्द झाला नाही. आणि तान्ह्या पोरीने वाटेत रडून दिले तर?

मार्था निघाली. ते साल १८६२ होते असे बहुतेक चरित्रकार धरतात. मुलांना घेऊन ती माऊंना चालते तशी दबकत, रात्रीची चालत, दिवसा लपत, हॅनिबल नावाच्या नदीकाठच्या गावापर्यंत आली. (हे हॅनिबल म्हणजे लेखक मार्क ट्वेन ज्या गावात वाढले ते गाव. पळणाऱ्या गुलामाची आणि मिसिसिपी नदीची त्यांची कादंबरी पुष्कळांनी वाचली असेल.) तेथे तिला पकडण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा उत्तरेच्या शिपायांनी मध्ये पडून तिला सोडवले आणि एक मोडकी होडी मिळवून दिली, असे टोल्टन कुटुंबात सांगितले जाई. मिसिसिपी म्हणजे आपल्या खाडीसारखी नव्हे. रुंद पात्र, जोराची ओढ, आणि मार्थाने जन्मात कधी वल्हे हातात धरले नव्हते. मुलांना तळाशी निजवून तिने होडी पाण्यात लोटली. मागच्या काठावरून गोळ्या झाडल्या गेल्या असेही सांगतात. पलीकडे इलिनॉयच्या मातीवर पाय ठेवल्यावर तिने मुलांना जवळ घेतले, आता तुम्ही स्वतंत्र आहात असे सांगितले आणि देवाचा हा उपकार कधी विसरू नका अशी ताकीद दिली.

एलियट कुटुंबाच्या वंशजांनी वेगळे सांगितले आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे युद्ध सुरू होताच स्टीफन एलियटने आपले सगळे गुलाम मुक्त केले आणि त्यांना उत्तरेकडे जाऊ दिले. फादर टोल्टन मात्र शेवटपर्यंत आई पळून आली असेच सांगत राहिले. दोन्ही बाजूंचे ऐकून आमचा कल आईच्या बाजूने आहे. मुक्त केलेल्या बाईला रात्रीच्या अंधारात तीन लेकरांसह मोडक्या होडीत बसायची गरज का पडावी?

पलीकडच्या काठावर स्वर्ग होता असे मात्र समजू नये. इलिनॉयमध्ये गुलामी नव्हती, पण १८५३ चा एक कायदा होता. बाहेरून आलेला काळा माणूस दहा दिवसांपेक्षा जास्त राहिला तर त्याला पन्नास डॉलर दंड, आणि दंड भरता आला नाही तर त्याच्या मजुरीचा लिलाव! हा कायदा १८६५ मध्ये रद्द झाला. म्हणजे मार्था तेथे पोहोचली तेव्हा तो चालूच होता. तरीही वीसेक मैलांवरच्या क्विन्सी शहरात काळ्या लोकांची छोटी वस्ती होती आणि पळून आलेल्यांना मदत करण्याची तेथे जुनी परंपरा होती. तेथे एका बाईने ह्या मायलेकरांना आसरा दिला.

मार्थाला आणि मुलांना तंबाखूच्या कारखान्यात काम मिळाले. आपल्याकडे विडी कामगारांची मुले जशी आईशेजारी बसून पाने कातरत, तशी ही मुले तंबाखूच्या पानांतील शिरा ओढून काढत. आठवडाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. थंडीचे काही महिने कारखाना बंद असे. थोरला चार्ल्स लवकरच न्यूमोनियाने वारला. नदी पार करून आणलेल्या तीन मुलांपैकी एक असे हातचे गेले.

आता शाळेची गोष्ट. १८६५ साली, म्हणजे युद्ध संपले त्याच वर्षी, मार्थाने ऑगस्टिनला आपल्या पॅरिशच्या शाळेत घातले. ती संत बोनिफासची, जर्मन कुटुंबांची पॅरिश. फादरांची आणि धर्मभगिनींची तयारी होती. पालकांची नव्हती. काळा मुलगा वर्गात बसला तर आमची मुले काढून घेऊ, चर्चची वर्गणी बंद करू, अशा धमक्या सुरू झाल्या. फादरांच्या घरावर दगड पडले. महिन्याभरात मार्थाने मुलाला काढून घेतले. फादर आणि सिस्टर्स आपल्यामुळे अडचणीत येऊ नयेत असे तिला वाटले. त्यांनीच खरे तर तिच्यासाठी अडचण सोसायला हवी होती, असे आम्हांला राहून राहून वाटते. पण शे-दीडशे वर्षांनंतर दुसऱ्या देशात बसून असे लिहिणे सोपे असते, हेही खरे.

सरकारी शाळेतही ऑगस्टिनचे हालच झाले. शेवटी संत पीटरच्या पॅरिशमध्ये फादर पीटर मॅकगर भेटले. हे आयरिश गृहस्थ मोठे खमके. त्यांनी पाहिले की हा मुलगा चर्चमध्ये येतो, मागे उभा राहतो, पण शाळेत जात नाही. त्यांनी मार्थाला विचारले आणि ऑगस्टिनला आपल्या शाळेत घेतले. येथेही पालक कुरकुरले. फादर मॅकगर ह्यांनी प्रवचनातून पुन्हा पुन्हा शेजारधर्मावर बोलून त्यांना गप्प केले. मुलाला काढले नाही. कारखाना बंद असेल त्या महिन्यांत शाळा, एरवी काम, असे चालले. चौदा वर्षांचा उंच मुलगा लहान पोरांच्या वर्गात बसून अक्षरे गिरवत असे. पहाटे तो फादरांच्या मिस्साला वेदीसेवक म्हणून उभा राही आणि तेथून तडक कारखान्यात जाई. १८७० साली, सोळाव्या वर्षी, त्याने पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला. अठराव्या वर्षी शाळा संपली.

तू फादर होशील का, हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो मॅकगर ह्यांनीच. मुलगा हो म्हणाला. मग पत्रे लिहायला सुरुवात झाली. अमेरिकेतील सेमिनरींना, धर्मसंघांना, एकामागून एक. कोणी लिहिले जागा नाही, कोणी लिहिले आमची मंडळी अजून तयार नाहीत. सात-आठ वर्षे हे चालले. काळ्या रक्ताचे धर्मगुरू अमेरिकेला तोवर मिळालेच नव्हते असे नाही. गुलाम आईच्या पोटी जन्मलेले जेम्स हीली ह्यांना टोल्टन ह्यांच्या जन्मवर्षीच, १८५४ साली, पॅरिसमध्ये दीक्षा मिळाली होती आणि १८७५ साली ते बिशपही झाले. पण त्यांचे वडील गोरे आयरिश होते, कातडी उजळ होती, आणि लोक त्यांना गोरेच समजत. ऑगस्टिनला तशी सोय नव्हती.

ह्या काळात क्विन्सीच्या धर्मगुरूंनी त्याला एकेकट्याने लॅटिन, ग्रीक, जर्मन शिकवले. दिवसभर कारखान्यात उभा राहिलेला मुलगा संध्याकाळी विभक्त्या पाठ करत असे. काळ्या मुलांसाठी रविवारचे धर्मशिक्षण चालवण्यातही तो पुढे होता. १८७८ साली क्विन्सीच्या फ्रान्सिस्कन कॉलेजने त्याला विद्यार्थी म्हणून घेतले. तेथील फादर मायकल रिशार्ट ह्यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहिले, ते पत्र कार्डिनल सिमेओनी ह्यांच्यापर्यंत पोहोचले, आणि अखेर रोमच्या प्रोपागांडा कॉलेजने दार उघडले. मिशन देशांसाठी धर्मगुरू तयार करणारी ही संस्था.

येथे आपल्याकडची एक आठवण सांगायलाच हवी. गोव्याच्या दिवाडी बेटावरील मातेऊस द कास्त्रो ह्यांनाही गोऱ्या आर्चबिशपांनी याजकदीक्षा नाकारली होती. तेही असेच रोमला गेले. तेथे त्यांना दीक्षा मिळाली आणि १६३७ साली ते बिशप झाले. रोमला पोहोचल्यावरच आपली माणसे माणसे ठरावीत, हे कसले दुर्दैव!

फेब्रुवारी १८८० मध्ये ऑगस्टिन रोमला निघाला. सहा वर्षे तेथे राहिला. निरनिराळ्या देशांची, निरनिराळ्या रंगांची मुले एका टेबलावर जेवत होती. मागच्या बाकावर बस असे त्याला कोणी म्हणाले नाही. तो अ‍ॅकॉर्डियन वाजवी, आवाजही गोड होता. आपल्याला आफ्रिकेत पाठवतील असे त्याने धरूनच ठेवले होते आणि तशी तयारीही केली होती. दीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र कार्डिनल सिमेओनी ह्यांनी निर्णय फिरवला. अमेरिका स्वतःला पुढारलेली म्हणवते, तर तिने काळा धर्मगुरू पाहिलाच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. प्रोपागांडाचा विद्यार्थी जेथे पाठवतील तेथे जाण्याची शपथ घेतो. ज्या देशातून हाकलले गेले त्याच देशात परत जायचे होते. मार्थाला एकदा बाहेर पडण्याची निवड करावी लागली होती, मुलाला आता परत जाण्याची करावी लागली. तो हो म्हणाला. तुम्ही म्हणाल, शपथ होती, दुसरा मार्ग काय होता? पण आज्ञा पाळणारेही दोन तऱ्हेचे असतात आणि पुढची अकरा वर्षे ते कसे जगले हे पाहिले की आमची शंका उरत नाही.

२४ एप्रिल १८८६, पवित्र शनिवार. लातेरानच्या संत जॉन महामंदिरात त्यांना याजकीय दीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशी ईस्टर, आणि फादर टोल्टन ह्यांनी आपली पहिली मिस्सा संत पीटरच्या महामंदिरात अर्पण केली. ईस्टर २५ एप्रिलला क्वचितच येतो, त्याहून उशिरा तो येऊच शकत नाही. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या ह्या माणसाला ईस्टरही सर्वांत उशिराचा मिळाला, असे आम्हांला गमतीने वाटून गेले.

जुलैमध्ये ते क्विन्सीला परतले. त्यांची तेथील पहिली मिस्सा कोठे झाली? संत बोनिफासच्या चर्चमध्ये! ज्या पॅरिशच्या पालकांनी त्यांना शाळेतून काढायला लावले होते, त्याच पॅरिशच्या वेदीवर ते उभे राहिले. चर्च खचाखच भरले होते. गोरे, काळे, सगळे. समोर मार्था बसली होती.

पण ते दिवस टिकले नाहीत. काळ्या लोकांसाठीच्या संत जोसेफ चर्चचे ते धर्मगुरू झाले. ते सुरेख गात, प्रवचन साधे आणि मनाला भिडणारे असे. त्यामुळे गोरे लोकही त्यांच्या मिस्साला येऊ लागले आणि त्यांच्याबरोबर त्यांची दानपेटीतील नाणीही. शेजारच्या एका गोऱ्या धर्मगुरूंना हे सहन झाले नाही. फक्त काळ्यांचे पाहा, गोऱ्यांना परत पाठवा, असा तगादा सुरू झाला. दुसऱ्या बाजूने काळ्या प्रॉटेस्टंट पाळकांनाही हे नवे चर्च नको होते. फादर टोल्टन कोणाला दारातून परत पाठवायला तयार नव्हते. शेवटी थकून त्यांनी रोमकडे बदली मागितली. ती मिळाली आणि डिसेंबर १८८९ मध्ये ते शिकागोला गेले.

त्याच वर्षाच्या जानेवारीत वॉशिंग्टन येथे अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथलिकांचे पहिले अधिवेशन भरले होते. त्याची मिस्सा फादर टोल्टन ह्यांनी अर्पण केली. देशभरातून त्यांना बोलावणी येत. पण शिकागोत त्यांचे रोजचे जगणे अगदी साधे होते. सुरुवातीला संत मेरी चर्चच्या तळघरात मिस्सा होई. पुढे एका दानशूर बाईने दहा हजार डॉलर दिले, मदर कॅथरीन ड्रेक्सेल (ज्या २००० साली संत झाल्या) ह्यांनीही हात दिला, आणि संत मोनिकाचे चर्च उभे राहिले. संत मोनिका ही संत ऑगस्टिनची आई. फादर ऑगस्टिन ह्यांची आई मार्थाही तेव्हा त्यांच्याबरोबर राहून घर सांभाळत होती. हे नाव निवडताना त्यांच्या मनात काय असेल ते सांगायला नको.

सुरुवातीला जेमतेम तीसेक माणसे होती, ती काही वर्षांत सहाशेवर गेली. बहुतेक सगळी गरीब. दक्षिणेतून कामासाठी आलेली, भाड्याच्या खोल्यांतून दाटीवाटीने राहणारी. फादर जिने चढून आजाऱ्यांकडे जात, उंदीर फिरणाऱ्या खोल्यांत कुंकवासारखे जपून ख्रिस्तप्रसाद नेत. घरच्या भाड्यासाठी, औषधासाठी लोक त्यांच्याकडे येत आणि त्यांच्याही खिशात फारसे काही नसे. चाळिशी गाठण्याआधीच त्यांची तब्येत ढासळू लागली होती.

जुलै १८९७ मध्ये शिकागोत भयंकर उष्मा पडला होता. फादर टोल्टन धर्मगुरूंच्या रिट्रीटहून आगगाडीने परतले आणि स्टेशनवरून घरी चालत जाताना रस्त्यातच कोसळले. लोकांनी त्यांना मर्सी हॉस्पिटलात नेले. ९ जुलैच्या रात्री त्यांनी प्राण सोडला. वय त्रेचाळीस. आई आणि बहीण उशाशी होत्या. होडीत बसलेल्या चौघांपैकी आता त्या दोघीच उरल्या. मार्था १९११ पर्यंत जगली.

त्यांच्या इच्छेप्रमाणे क्विन्सीच्या संत पीटर दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. खड्डा मुद्दाम खोल खणला होता. पुढे त्याच खड्ड्यात त्यांच्या वर आणखी एका धर्मगुरूंना पुरण्यात आले. शिकागोचे कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज ह्यांनी २०१० साली त्यांच्या संतपदाच्या कामाला सुरुवात केली. नियमाप्रमाणे १० डिसेंबर २०१६ रोजी कबर उघडण्यात आली. अस्थी सापडल्या, रोझरी सापडली, गळ्यातील पांढऱ्या कॉलरचा तुकडा सापडला. क्विन्सीच्या त्या दफनभूमीत जमलेल्या धर्मगुरूंनी त्या अस्थींना नवीन मिस्सावस्त्रे घातली, प्रार्थना म्हटली आणि त्या पुन्हा त्याच जागी ठेवल्या.